अंगणातला वाढदिवस

हल्ली आमच्या खेड्यापाड्यांतूनही लहान मुलांचे वाढदिवस मोठ्या थाटाने साजरे होऊ लागले आहेत. यात वाईट काहीच नाही. ज्या घरी मूल वाढले, खेळले, बघता बघता पाच वर्षांचे झाले, त्या घराने चार माणसे बोलावून त्यांचे तोंड गोड करावे हे स्वाभाविकच होय. परंतु या समारंभाला अलीकडे जे रूप येत चालले आहे ते पाहून मात्र आम्हांस चार शब्द बोलावेसे वाटतात. रस्त्याच्या कडेला बाळाच्या छायाचित्राचा फलक, दारात फुग्यांची कमान, भिंतीवर चमचमणारे पडदे, तालुक्याहून मोटारसायकलवर सांभाळीत आणलेला केक, तो कापताच सर्वांच्या अंगावर उडविला जाणारा पांढरा फेस, आणि निघताना प्रत्येक मुलाच्या हाती प्लास्टिकच्या खेळण्यांची पिशवी! दुसऱ्या दिवशी सकाळी हे सर्व वैभव परसात ढीग होऊन पडते. त्याला काडी लावली जाते, धूर शेजारणीच्या स्वयंपाकघरात शिरतो, आणि जे जळत नाही ते पहिल्या पावसाबरोबर ओढ्यात उतरते. खानापूर तालुक्यातले काही ओढे मलप्रभेला मिळतात, तर काही म्हादईला मिळून गोव्यात जातात. म्हणजे एका घरचा वाढदिवस कुठल्या कुठे पोहोचतो पाहा.

खर्चाची गोष्ट तर बोलूच नये अशी झाली आहे. शेतमजुरी करणाऱ्या घरीही, अमक्याने केले म्हणून आपणही, या न्यायाने आठवड्याची मिळकत एका संध्याकाळी संपते. त्याहून आमच्या मनाला लागले ते असे : एका घरी आम्ही गेलो असता शेजारचीच दोन मुले कोठे दिसेनात. आजीकडे चौकशी केली, तेव्हा कळले की, त्यांना बोलावणे गेले होते. पण त्यांच्या आईजवळ भेटीदाखल द्यावयास काही नव्हते, म्हणून तिने त्यांना घरातच बसवून ठेवले. मधे केवळ एक कुंपण. पलीकडचा गलका त्या पोरांना सारा ऐकू येत होता. मुलाचा वाढदिवस साधेपणाने, अंगणात, झाडापानांच्या संगतीत करावा असे आम्ही म्हणतो त्यामागे ओढ्याची काळजी आहे. तशी या दोन पोरांचीही आहे.

प्रथम कायद्याची बाजू थोडक्यात सांगून टाकू. कर्नाटकात 2016 साली व महाराष्ट्रात 2018 साली पुष्कळशा प्लास्टिक वस्तूंवर बंदी आली. पुढे केंद्र सरकारने 1 जुलै 2022 पासून साऱ्या देशात एकदाच वापरून फेकावयाच्या काही वस्तू बंद केल्या. त्या यादीकडे पाहिले तर ती जणू वाढदिवसाच्या सामानाचीच यादी वाटते : फुग्यांच्या प्लास्टिकच्या काड्या, शोभेचा थर्माकोल, प्लास्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे, काटे आणि नळ्या, मिठाईच्या डब्यांवरचे व निमंत्रणपत्रिकांवरचे पातळ वेष्टन, 100 मायक्रॉनहून पातळ असा बॅनर. बाजारात या वस्तू अजूनही मिळतात हे खरे; पण मिळतात म्हणून आणाव्यातच असे नाही.

कागदी पेले आणले म्हणजे सुटलो, असा एक समज आहे. कागदाच्या आतल्या बाजूस प्लास्टिकचा पातळ लेप असतो. तो नसता तर पेला दोन मिनिटांत गळला असता. खरगपूर येथील आय.आय.टी.च्या संशोधकांनी 2020 साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीप्रमाणे, अशा पेल्यात 100 मिलिलिटर गरम द्रव 15 मिनिटे राहिला तर त्यात प्लास्टिकचे सुमारे 25,000 सूक्ष्म कण उतरतात. स्टीलचा पेला धुवायला एक मिनिटही लागत नाही.

आता जिवाच्या धोक्याविषयी. तो फेस ज्या डब्यातून उडतो त्यात बहुधा प्रोपेन आणि ब्यूटेन हे वायू भरलेले असतात. हे वायू म्हणजे आपल्या स्वयंपाकाच्या सिलिंडरातलेच! समोर मेणबत्ती जळत असता मुलाच्या तोंडावर तो फेस उडविणे म्हणजे काय, हे आईबापांनी स्वतःच ताडावे. तरंगणाऱ्या फुग्यांत हेलियम महाग पडतो म्हणून कित्येक फुगेवाले हायड्रोजन भरतात, आणि तोही ठिणगीने भडकतो. साधा रबरी फुगादेखील वाटतो तितका निरुपद्रवी नाही. अमेरिकेत फुग्यांच्या वेष्टनावर आठ वर्षांखालील मुलांसाठी इशारा छापावा लागतो, कारण न फुगविलेला किंवा फुटलेला फुगा तोंडात घालून मुले गुदमरतात. बाळ रांगते असेल अशा घरी आम्ही तर फुगा आणूच देणार नाही.

असो. नको त्याची यादी पुरे झाली. करावे काय ते पाहू.

मुलाचे वय चार-पाच वर्षांचे आहे असे धरून चालू. या वयाच्या मुलाला तास-दोन तासांहून अधिक समारंभ सोसत नाही. त्यापुढे ते रडू लागते आणि मग आई त्याला पाहुण्यांदेखत रागावते. म्हणून दुपारी चार ते सहा ही वेळ उत्तम. दिव्यांची रोषणाई लागत नाही, आणि दूरच्या मुलांना उजेडात घरी पोहोचता येते. बोलावणे मुलानेच करावे. आजीचे बोट धरून त्याने दारोदार जावे आणि 'रविवारी आमच्या अंगणात खेळायला या, हात हालवीत या' असे सांगावे. यातला 'हात हालवीत या' हा भाग महत्त्वाचा आहे, आणि तो आजीने प्रत्येक घरी दोनदा सांगावा. मुलाच्या तोंडचे आमंत्रण कोणी गर्वाचे मानीत नाही. आणि भेटवस्तू नको हे छापून कळविण्यापेक्षा आजीच्या तोंडून ऐकणे गरीब आईला सोपे जाते.

शोभा कशाने करावी हे ऋतू सांगेल. फाल्गुनात पळस फुललेला असतो, वैशाखात बहावा आणि तामण. पावसाळ्यात तर हिरवळीला तोटाच नाही. आंब्याच्या डहाळ्या, नारळीच्या झावळ्या, झेंडूच्या माळा एवढ्यावर आमची लग्ने लागत आली. वाढदिवसाला त्याहून अधिक काय हवे? नारळीच्या पात्यांची भिरभिरी करणारा एखादा म्हातारा प्रत्येक वाड्यावर असतोच. त्याला सन्मानाने बोलावून पडवीत बसवावे, म्हणजे शोभाही होते आणि मुलांना खेळणीही मिळतात. जुन्या लुगड्यांच्या चिंध्यांच्या त्रिकोणी पताका एकदा शिवून ठेवल्या की त्या घरातल्या सर्व भावंडांच्या वाढदिवसांना, आणि पुढे नाताळालाही चालतात.

मात्र येथे दोन इशारे देणे आम्हांस अगत्याचे वाटते. झाडाचे म्हणून सारेच निर्दोष असे नव्हे. कण्हेर, पिवळी कण्हेर, धोतरा आणि एरंडाच्या बिया विषारी आहेत. गुंजा दिसावयास मोहक, लालबुंद, वर काळा टिपका, म्हणून पुष्कळजण त्या मुलांना चिकटकामास देतात. पण गुंज चावून गिळली गेली तर ती मुलाच्या प्राणावर बेतू शकते. मोजावयास आणि ओळीत मांडावयास चिंचोके व सागरगोटे काय थोडे आहेत? तेही पाच वर्षांवरील मुलांनाच द्यावेत. लहानग्यांच्या नाकातोंडात जाणारी कोणतीही वस्तू त्यांच्या हाती नको.

दुसरा इशारा रानाचा. निसर्गाचा वाढदिवस म्हणून मुलांना घेऊन रानात जाण्याची हौस कोणास होईल. शोभेसाठी रानातला पालापाचोळा आणण्याची कल्पनाही सुचेल. आमच्या भागात तसे करू नये. माकडताप हा रोग 1957 साली शिवमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या रानात प्रथम ओळखला गेला. तो रानातल्या बारीक गोचिडांपासून होतो. गेल्या दहा-बारा वर्षांत गोव्याच्या सत्तरी भागात व दोडामार्ग तालुक्यातही त्याने माणसे दगावली आहेत. डिसेंबरापासून मेपर्यंतचे दिवस त्याच्या जोराचे. तेव्हा रानाची ओढ कितीही असली तरी पाच वर्षांच्या मुलास आपले अंगण, परस आणि विहिरीची वाट एवढे पुरेसे आहे.

आणि खरोखर ते पुरते, हे आम्ही अनुभवाने सांगतो. परसातल्या कढीलिंबाचीच गोष्ट घ्या. त्याच्या कोवळ्या पानांवर पाहत गेले तर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी एक बारीक अळी सापडते. ती काळ्या रंगाच्या, पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ असलेल्या एका फुलपाखराची अळी होय. विष्ठेचे सोंग घेतल्याने पक्षी तिला टिपीत नाहीत. ती मोठी झाली की हिरवीगार होते. आणि काडीने हळूच डिवचले तर डोक्यामागून तांबूस, दोन टोकांचे शिंगासारखे काहीतरी बाहेर काढते, ज्याला उग्र वास येतो. मुले हे पाहून किंचाळतात आणि पुन्हा पुन्हा पाहतात. याच कुळातल्या राणी पाकोळी या मोठ्या निळ्या-काळ्या फुलपाखराला महाराष्ट्राने 2015 साली राज्याचे फुलपाखरू म्हणून मान दिला. तेही लिंबाच्या जातीच्या झाडांवर अंडी घालते. कढीलिंबाला औषध फवारणाऱ्या घरी मात्र हा खेळ व्हावयाचा नाही.

पडवीच्या कडेला, जेथे पाऊस पोहोचत नाही तेथील कोरड्या धुळीत नरसाळ्याच्या आकाराचे लहान लहान खड्डे असतात. त्यांच्या तळाशी एक किडा दडून बसलेला असतो. मुंगी घसरून आत पडली की तो तिला धरतो. गवताच्या काडीने खड्ड्याची कड हालविली तर मुंगी आली असे समजून तो खालून धूळ उडवितो. हाच किडा पुढे चतुरासारखा पंख असलेला होऊन उडतो. आमच्या पिढीतील किती जणांनी सुट्टीच्या दुपारी या खड्ड्यांपाशी घालविल्या असतील! आजच्या मुलांना ते दाखविणारे कोणी राहिले नाही, एवढेच. वाढदिवसाच्या दिवशी आजोबांनी एवढे काम अंगावर घ्यावे : दहा मुलांना घेऊन घराभोवती एक फेरी. लाजाळूला हात लावावा, सुगरणीचे पडलेले घरटे मिळाले तर ते हातात द्यावे, मुंग्यांची रांग कोठून कोठे जाते ते शोधावे. अर्धा तास कसा गेला कळत नाही. शहरात यासाठी पैसे देऊन माणूस आणतात, असे ऐकतो.

जादूगार हवाच असेल तर तोही घरातच आहे. हळद पाण्यात कालवून ती कागदाला फासावी आणि कागद उन्हात वाळवून पिवळा करून ठेवावा. मुलांच्या हाती कापसाची बोंडे आणि वाटीत साबणाचे पाणी द्यावे. त्या पाण्याने कागदावर रेघ ओढताच ती लाल उमटते. मग लिंबाचा रस लावला की लाल पुन्हा पिवळे होते. (चुन्यानेही हे होते; पण चुना मुलाच्या डोळ्यांत गेला तर इजा होते, म्हणून साबणच बरा.) निळ्या गोकर्णीची फुले गरम पाण्यात घातली की पाणी निळे होते, ते निवल्यावर साखर घालावी, आणि प्रत्येक मुलाने आपल्या पेल्यात आपल्या हाताने लिंबू पिळावे. निळे सरबत जांभळे होते. ते पिऊन झाले तरी मुलांची बडबड थांबत नाही.

खेळ सांगण्याची गरज आहे काय? लगोरी आहे, आट्यापाट्या आहेत, धाकट्यांना भातुकली आहे. पोफळीची गळून पडलेली झावळी घेऊन तिच्या रुंद विरीवर एकाने बसावे आणि दुसऱ्याने शेंडा धरून ओढीत न्यावे, या गाडीची सर कोणत्याही मोटारीला नाही. बक्षिसे नकोत. चार वर्षांच्या मुलाला हरणे अजून समजत नाही; त्याला फक्त रडणे समजते.

खाण्याविषयी आमचे मत स्पष्ट आहे : केक अवश्य करावा, पण घरी करावा. गोव्यात जिला बातिका अथवा बाथ म्हणतात ती रवा-खोबऱ्याची वडी आमच्या घरांना नवी नाही. पाव किलो बारीक रवा, तितकीच साखर, एका मोठ्या नारळाचा चव, 100 ग्रॅम लोणी, चार अंडी, चहाचा एक चमचा बेकिंग पावडर आणि चिमूटभर मीठ एवढे सामान. लोणी-साखर पांढरी होईतो फेसावी. त्यात अंड्यांचा पिवळा बलक, मग रवा, खोबरे आणि मीठ घालून, लागल्यास थोडे नारळाचे दूध शिंपून मिश्रण झाकून ठेवावे. जुन्या बाया ते रात्रभर ठेवीत. उन्हाळ्यात दोन-तीन तास पुरेत. भाजण्याच्या वेळी बेकिंग पावडर आणि फेसलेला पांढरा बलक हलक्या हाताने मिसळून तूप लावलेल्या पातेल्यात ओतावे. भट्टी नसेल तर खाली थोडे आणि झाकणावर अधिक निखारे ठेवावेत. पाऊण तासात होते. सुरी खुपसून कोरडी निघाली म्हणजे झाले. वर रंगीत मलई नसते हे खरे. पण एक जास्वंद आणि दोन तुळशीची पाने ठेवून पाहावी. पाच मेणबत्त्यांना तेवढी जागा पुरते.

वाढदिवस श्रावण-भाद्रपदात येत असेल तर हळदीच्या पानांतल्या पातोळ्या कराव्यात. 15 ऑगस्टच्या सणाला त्या आपल्याकडे होतातच. खाऊ झाडाच्या पानात शिजतो, पानातच वाढला जातो, आणि उरलेले पान गाईपुढे जाते. उन्हाळ्यात करवंदे, जांभळे, फणसाचे गरे, कोकमाचे सरबत. लहानग्यांसाठी जांभळाच्या बिया काढून द्याव्यात आणि चार वर्षांखालील मुलांच्या हाती अख्खे शेंगदाणे देऊ नयेत. ते श्वासनलिकेत अडकतात.

ख्रिस्तसभा संतांचे सण बहुधा त्यांच्या मृत्युदिनी पाळते. जन्मदिवस म्हणून ती सणाने पाळते ते तीनच : प्रभूचा, पवित्र मरियेचा आणि संत योहान बाप्तिस्ताचा. या तिन्ही जन्मदिवसांना लोकांनी काय जोडले आहे ते पाहिले की मौज वाटते. 24 जूनला गोव्यात सांजांव. त्या दिवशी माणसे पानाफुलांचे मुकुट घालून भर पावसात विहिरींत उड्या घेतात. 8 सप्टेंबरला मंगळूरकडे मुले मरियेपुढे फुले उधळतात आणि घरी नव्या भाताची लोंबी येते. नाताळचा गोठा तर गवताचाच; संत फ्रान्सिसने 1223 साली ग्रेचो गावी तो प्रथम मांडला तेव्हा त्यात खरा बैल आणि खरे गाढव होते. सांजांवाचा मुकुट आमच्या कामाचा आहे. वेलीचा एक वेढा आधी करून ठेवावा आणि मुलांनी आल्या आल्या त्यात आपल्या आवडीची पाने-फुले खोवावीत. सर्व मुलांच्या डोक्यावर मुकुट. वाढदिवस कोणाचा हे पाहुण्याला विचारावे लागले पाहिजे.

आता त्या परतभेटीच्या पिशवीविषयी. ही प्रथा दुकानदारांनी रुजविली आणि आम्ही ती शिष्टाचार समजून पाळू लागलो. ती सरळ बंद करावी. मुलाला रिकाम्या हाताने धाडणे आजीला कसेसेच वाटत असेल तर वर्तमानपत्राच्या कागदाच्या पुडीत भोपळ्याच्या पाच बिया द्याव्यात. पावसाच्या तोंडावर त्या पेरता येतील. एरवी मेथीचे दाणे बरे. मातीत टाकल्यापासून तीन-चार दिवसांत कोंब दिसतो, आणि इतक्या लहान मुलाचा धीर तेवढाच असतो. काहीतरी विकत घ्यावयाचेच असेल तर सावंतवाडीच्या चितारआळीतले एखादे लाकडी फळ घ्यावे. पण ते एकच, घरच्या मुलासाठी. ते त्याच्या मुलांपर्यंत टिकेल.

रोपे वाटण्याविषयी आमचा उत्साह बेताचा आहे. रोप लावतानाचे छायाचित्र निघते, दुसऱ्या दिवशी शेळी येते. एकच झाड लावावे, जूनमध्ये लावावे, त्याला काट्यांचे कुंपण करावे, आणि पहिले दोन उन्हाळे त्याला पाणी कोण घालणार हे खड्डा खणण्यापूर्वी ठरवावे. वाढदिवस ऐन एप्रिलात येत असेल तर झाडाचे नावही काढू नये. त्याऐवजी झाडाखाली पक्ष्यांसाठी मातीचे उथळ पसरट भांडे पाणी भरून ठेवावे. ते पाणी मुलाने रोज ओतून नवे भरावे, नाहीतर त्यात डास वाढतात.

राहिली भांडी. पुष्कळ गावांत लग्नकार्यासाठी मंडळाची किंवा देवळाची सामायिक भांडी असतात. पंधरा-वीस ताटल्या आणि तितकेच पेले तेथून आणावेत. नसतील तर केळीची पाने आहेत, पळसाच्या पत्रावळी आहेत. मुलांनीच आपापली पाने उचलून खताच्या खड्ड्यात टाकावीत. आंबोणाच्या टोपलीत केळीची पाने गेली तर गाय दुवाच देईल. उसनी आणलेली भांडी दुसऱ्या दिवशी घासून परत करण्यापूर्वी पेले मोजून घ्यावेत. मुलांच्या भातुकलीत दोन-तीन हटकून अडकलेले असतात.